तरुणांमधील एच.आय.व्ही. आणि स्थानिक संशोधकांचे प्रशिक्षण

रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘उपचार सोडले’ असा शेरा लिहिण्यास एक मिनिटही लागत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा तीन महिने तपासणीस आला नाही, तेव्हा आम्हीही हाच शेरा लिहिला. होळीनंतर तो परतला तेव्हा कळले की, गावाकडील शासकीय ए.आर.टी. केंद्रातून त्याच्या गोळ्या नियमित चालू होत्या. चूक आमच्या नोंदीची होती.

अशा नोंदींच्या बेरजेतूनच जिल्ह्याचे आकडे तयार होतात आणि त्या आकड्यांवरून तरुणांसाठी कार्यक्रम आखले जातात. म्हणून यंदाच्या अहवालात, देणगीदारांना सहसा न दिसणाऱ्या एका कामाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले. ते काम म्हणजे संशोधक घडविणे.

या बाबतीत पुण्याचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राने १९८८ मध्ये विकसनशील देशांतील डॉक्टर व शास्त्रज्ञांसाठी एड्स संशोधनाचे प्रशिक्षण सुरू केले. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे संशोधनाची परंपरा उभी राहिली. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांचा तेथील शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली. पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहितांनाही धोका आहे, हे १९९७ मध्ये जगापुढे आले. वेळेवर उपचार सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये सिद्ध करणाऱ्या बहुराष्ट्रीय अभ्यासातही पुणे केंद्राचा सहभाग होता.

औषध कोणते, हा प्रश्न आता बव्हंशी सुटला आहे. शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले, तर नोव्हेंबर २००६ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र उपक्रम आला. त्या वेळी पाच वर्षांचे असलेले मूल आज विशी ओलांडून गेले आहे. आईचे बोट धरून येणारा तो मुलगा आता एकटा येतो, विवाहाविषयी विचारतो, आणि नोकरीच्या भीतीने कधी कधी येतच नाही. सिद्ध झालेला उपचार अशा तरुणांपर्यंत कसा पोहोचवावा व कसा टिकवावा, हेच आता संशोधनाचे क्षेत्र आहे. आफ्रिकेतील किशोरवयीनांसाठी फोगार्टी केंद्राने २०१७ मध्ये याच हेतूने संशोधकांना एकत्र आणले.

तेथील पद्धत मात्र येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्याची तरुणाई एका जागी थांबत नाही. जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात, डहाणू-तलासरीची मुले गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे तरुण पाळीपाळीने झोपतात. सकाळी अकरा वाजता घरोघर फिरणाऱ्या सर्वेक्षकास कोण भेटणार? वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि रात्रपाळी करून झोपलेले. प्रशिक्षणार्थीस आधी शिकवावे लागते ते हेच, की न भेटलेला माणूस कोण होता.

दुसरा धडा संमतीचा, आणि तो अधिक कठीण आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या सहभागास पालकांची संमती लागते. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, तर बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. सतरा वर्षांच्या कामगाराचे वडील बिहारमध्ये असतील तर? अशा वेळी प्रश्नावली मिटून केवळ समुपदेशकाचा पत्ता द्यावा, हे समजण्यास परिपक्वता लागते. संख्या पूर्ण करण्याच्या घाईत हा मोह अनावर होतो, हे आम्ही पाहिले आहे.

गोपनीयतेचेही तसेच. सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच.आय.व्ही. कायदा संमतीवाचून माहिती उघड करण्यास व नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो. परंतु ठेकेदाराच्या फोनवर ‘रुग्णालयातून बोलतो’ एवढे म्हटले तरी मुलाचे काम जाऊ शकते. भाषेचा प्रश्न निराळाच. २००७ मध्ये राज्याने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविले होते. त्या सुमारास शाळेत असलेल्यांपैकी अनेकांजवळ या विषयासाठी शिव्यांखेरीज शब्द नाहीत. वारली पाड्यावर वाढलेली परिचारिका जे सहज विचारू शकते, ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञास दुभाष्यामार्फतही जमत नाही. म्हणून प्रशिक्षणासाठी आम्ही प्रथम अशाच स्थानिक मुलामुलींचा विचार करतो.

एका विश्वस्तांनी आम्हांस विचारले की, यातून रुग्ण किती बरे होतील. आम्ही त्यांना नोंदवही दाखविली. ‘उपचार सोडले’ हा रकाना आता काढून टाकला असून त्याजागी दोन रकाने केले आहेत : ‘कोठे गेला’ आणि ‘तेथे औषध मिळते काय’. ते भरण्यासाठी कोणास तरी गाडीभाडे व महिनाभराचा वेळ द्यावा लागतो. आपल्या देणगीचा काही भाग तेथे खर्च होतो.