जखम लहान, प्रश्न मोठा



समजा, घरचा कुत्रा बाहेरून आला आणि त्याच्या मानेवरच्या केसांत वाटाण्याएवढे भोक दिसले. काय लागले ते कोणीच पाहिलेले नाही. तार असेल, काच असेल, नाहीतर दुसऱ्या कुत्र्याचा सुळा असेल. "एवढीशी तर जखम!" असे म्हणून ती सोडून देऊ नये. का, ते पाहू.

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. समजा, १०० न्यूटन बल १ चौरस मिलिमीटर टोकाच्या सुळ्यातून लागले, तर दाब होतो १० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजार पट! तेच बल १०० चौरस सेंटिमीटरच्या तळहाताने लावले, तर दाब दहा हजार पटींनी कमी होतो. म्हणून सुळा सहज आत रुततो. शिवाय कुत्र्याचे कातडे सैल असते. हिसक्याबरोबर आतले स्नायू फाटतात आणि दात निघाला की कातडे जागेवर येते. वर लहानसे भोक, आत मोठी पोकळी आणि तीत कोंडलेले जंतू!

मग पशुवैद्याकडे नेईपर्यंत काय करावे? प्रथम घरातील मोठ्या माणसांना बोलवा. वेदनेने लाडका कुत्राही चावतो. त्याला धाप लागलेली नसेल व उलटी होत नसेल, तर मोठ्यांनी कापडी पट्टीने त्याचे तोंड सैलसर बांधावे. हातांत रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने पाच मिनिटे सतत दाबून धरावे. मधेच उचलून पाहिले तर नुकतीच धरलेली गुठळी निघते.

रक्त थांबल्यावर वरवरची घाण धुवावी. त्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे व त्यात साडेचार ग्रॅम मीठ (चहाचा सपाट पाऊण चमचा) विरघळवावे. एवढेच का? बटाट्याच्या दोन फोडी घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवा. पहिली ताठ होते, दुसरी लुळी पडते. हे परासरण होय. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात मात्र शरीरातील पेशी फुगत नाहीत की आकसत नाहीत. मीठ नसेल तर नळाचे स्वच्छ पाणीही चालते. भोकात जोराने पाणी मारू नये. छाती किंवा पोटावरील खोल जखम न धुता नुसती झाकावी.

हळद, रॉकेल, फिनाइल जखमेत घालू नये. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या देऊ नयेत. कुत्र्याला त्या विषासमान ठरू शकतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. जखमेचे कारण ठाऊक नसेल, तेव्हा ती पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याची असू शकते असे धरूनच वागावे. कुत्र्याची किंवा जखमेवरची लाळ तुमच्या खरचटलेल्या कातडीला लागली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या विषाणूवर मेदाचे आवरण असते. साबण ते मोडतो. हा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो व त्याला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत लस आपले काम करते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली हेच दाखवून दिले. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

निघताना कागदावर लिहून घ्या: जखम केव्हा दिसली, कोठे आहे, कुत्रा काय खातो-पितो आणि रेबीजची शेवटची लस कधी दिली. जखमेचे कारण तुम्हाला सांगता आले नाही, तरी या नोंदींवरून पशुवैद्याला पुढचा विचार करता येईल.