जुन्या सायकलचं हँडल आणि ब्रेक: मालवणात खर्च किती?

पडवीत वर्षानुवर्षं उभी असलेली हिंद, सेन-रॅले किंवा अ‍ॅटलस पुन्हा रस्त्यावर आणायची, तर पैसे आधी ब्रेकवर घाला, चकाकीवर नंतर. कुंभारमाठचा उतार उतरून मालवणात शिरताना क्रोमची झळाळी कामाला येत नाही.

या सायकलींचे ब्रेक वायरचे नाहीत, सळयांचे आहेत. लिव्हर ओढला की सळई ओढली जाते आणि रबर रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या बाजूला घासतं. लिव्हर हँडललाच बसवलेले असल्यामुळे हँडल आणि ब्रेक यांचा विचार एकत्रच करावा लागतो. नुसतं हँडल स्वस्तात आणलं आणि जुने लिव्हर त्यावर बसले नाहीत, तर दोनदा खर्च होतो. काळ्या साध्या सायकली आजही बनतात, त्यामुळे लिव्हरसकट हँडल आणि सळयांचा संच मिळतो. त्याला ₹ ६०० ते १,००० धरा, चार ब्रेक रबरांना ₹ १०० आणि मजुरीला ₹ २०० ते ४००. हे अंदाज आहेत, कुडाळ-कणकवलीत आणि कोल्हापुरात भाव निराळे पडतील. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, म्हणून बिल मागून घ्या.

आपल्याकडे मजुरी वाढते ती खाऱ्या वाऱ्यामुळे. हँडलचा दांडा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीत गंजून धरलेला असतो. बोल्ट चार-पाच आटे सैल करून, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकलं की आतली पाचर सुटते. नाही सुटली तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. घाईने हँडल पिळणाऱ्याच्या हाती सायकल देऊ नका. चिमटा वाकला की सगळा हिशेब बदलतो. जुन्या रॅलेच्या चिमट्याचे आटे इंचाला २६ असतात, इतर बहुतेक सायकलींचे २४. त्यामुळे तिथला नट हरवला तर दुसऱ्या सायकलचा चालत नाही. काढलेला प्रत्येक नट डबीत ठेवा आणि जुना दांडा बरोबर घेऊनच दुकानात जा.

खरा मोठा खर्च रिममध्ये लपलेला असतो. रबर जिथे घासतं तिथून बोट फिरवा. पापुद्रे निघत असतील, खड्डे पडले असतील, तर नवं रबर दोन महिन्यांत झिजेल. दोन रिम आणि आरे भरण्याची मजुरी मिळून ₹ १,५०० ते २,००० अधिक लागतील.

‘वायरचे ब्रेक बसवून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. मी तो मानणार नाही. या रिमच्या कडा गोल असतात, वायरच्या ब्रेकला सपाट बाजू लागते. म्हणजे रिमही बदलायच्या, आणि खर्च ₹ ३,००० च्या पुढे जातो. सायकलचं रूप जातं ते वेगळंच. लोखंडी रिमवर पावसात कुठलाही ब्रेक उशिराच लागतो. ओल्या रस्त्यावर लिव्हर आधीपासून हलका दाबत राहिलात तर रिमवरचं पाणी पुसलं जातं.

जुन्या हँडलला पुन्हा क्रोम करायचं असेल तर ते फक्त वरवरच्या डागांसाठी. खोल गंजावर मुलामा टिकत नाही, आणि दांडा आतून पातळ झाला असेल तर ते हँडल वापरूच नये.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा. दांडा नळीत किमान अडीच इंच गेलेला हवा. रबर धरणाऱ्या ब्रेक शूचं बंद तोंड चाक फिरण्याच्या दिशेला हवं, नाहीतर ब्रेक लावताच रबर निसटतं. आणि पुढचं चाक पायांत धरून हँडल फिरवलं तर ते सरकता कामा नये. आठवड्याभराने सळयांचे नट पुन्हा आवळून घ्या, ही मजुरी आधीच ठरवून ठेवा.