स्वस्त मल्टिमीटर : गुण आणि दोष

खिदिरपूर हा कोलकात्याचा गोदीचा भाग. तेथील फॅन्सी मार्केट विदेशी वस्तूंसाठी व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत आपोआप पल्ला निवडणारा स्वस्त डिजिटल मल्टिमीटर सहज मिळतो. शाळेसाठी तो घ्यावा काय, आणि घेतल्यास त्याच्यावर कितपत विसंबावे, याचा येथे विचार करू.

प्रथम गुण पाहू. जुन्या काट्याच्या मापकात मोजणाराच पल्ला ठरवीत असे. पल्ला चुकल्यास काटा आदळून वाकण्याचे भय असे. नव्या मापकात हे काम उपकरणच करते. शिवाय विद्युत् दाब मोजताना त्याचा रोध बहुधा १ कोटी ओहम असतो. त्यामुळे मापनाधीन मंडलावर त्याचा भार फारच थोडा पडतो.

आता दोष. पडद्यावरील आकडे पुष्कळ असले, म्हणजे मापन तितकेच अचूक असते असे नव्हे. समजा, मापकाची अचूकता ०.५ टक्के अधिक शेवटच्या स्थानातील २ अंक अशी दिली आहे. कोरड्या घटाचा दाब १.५०० व्होल्ट दिसल्यास संभाव्य चूक सुमारे ०.०१ व्होल्ट होय. अर्थात खरा दाब १.४९ ते १.५१ यांमध्ये कोठेही असू शकेल. तिसऱ्या दशांश स्थळावर विसंबणे व्यर्थ होय. दाब चंचल असेल, तर मापक पल्ला शोधण्यातच वेळ घालवितो. बहुतेक स्वस्त मापक प्रत्यावर्ती प्रवाह शुद्ध ज्या-तरंगाचा आहे असे गृहीत धरतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने मंद केलेल्या दिव्यावरील दाब ते प्रत्यक्षाहून कमी दाखवितात.

खरेदी करताना दोन्ही टोके एकमेकांस टेकवून रोध पाहावा. तो १ ओहमहून कमी यावा. नवा घट मोजून पाहावा. परंतु सर्वांत घातक उणिवा दुकानात दिसत नाहीत. त्या वेष्टनाच्या आत असतात. टोके अँपिअरच्या छिद्रात राहिली असता २३० व्होल्टचा दाब मोजू गेल्यास मापकातून जवळजवळ थेट जोडणी होते. अशा वेळी साधा काचेचा फ्यूज फुटून ठिणगी चालू राहू शकते. उच्च क्षमतेचा फ्यूज ती विझवितो. बाहेर ‘६०० व्होल्ट, कॅट ३’ असे छापले, म्हणून आतील रचना तशी असतेच असे नाही.

यास्तव असा मापक घट, दिवे व लहान मंडले यांपुरता वापरावा. त्या कामी तो उत्तम आहे. घरातील मुख्य फळ्यावर तो लावू नये. तार निर्जीव आहे की नाही हे अधिकारी तंत्रज्ञाने योग्य मापकानेच ठरवावे, आणि त्यानेही मापक प्रथम वीज असलेल्या ठिकाणी, मग त्या तारेवर, आणि शेवटी पुन्हा पहिल्या ठिकाणी लावून पाहावा. कारण बिघडलेला मापकही शून्यच दाखवितो, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून तारेला लावलेला हात कायमचा निकामी होऊ शकतो.