मासे खुशाल, मग पालक का खुंटला?

मासे चपळ आहेत, पाणी नितळ आहे, पंप चालू आहे. पण पालक लावून दीड महिना झाला तरी पान बोटाएवढेच. अशा वेळी हात आधी खताच्या पुडीकडे जातो. कृषी सेवा केंद्रातली १९:१९:१९ ची पुडी कुंडीतल्या झाडाला चालते, अ‍ॅक्वापोनिक्समध्ये ती घालू नका. तिच्यातले बरेचसे नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपात असते आणि त्याचा मार थेट माशांच्या कल्ल्यांना बसतो. रोप का अडले हे पाणी मोजून आणि पाने पाहून कळते. पुडीची वेळ त्यानंतर येते, आणि तीही क्वचित.

खालची मापे गच्चीवरच्या बेताच्या मांडणीसाठी आहेत: ३०० लिटर पाणी, त्यात गोल्डफिश किंवा कोई, वर अर्धा चौरस मीटर खडीचा वाफा आणि त्यात पालेभाजी. तुमची मांडणी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात मापे बदला.

साहित्य: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू मोजणारे थेंबांचे किट (कागदी पट्ट्या फार मोघम असतात), थर्मामीटर, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, थोडे पांढरे व्हिनेगर आणि एक वही.

सुरुवात मांडणीच्या वयापासून करा. माशांच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग रोपांना चालणाऱ्या नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांचे बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर वाढ मंद असणारच. मग ऊन पाहा. वाफ्यावर थेट ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे एका सुट्टीच्या दिवशी वहीत लिहा. पालेभाजीला चार-पाच तास तरी हवेत. उत्तरेच्या गॅलरीत किंवा मुंबई-कोकणातल्या जुलैच्या ढगांखाली पाण्यात कितीही पोषण असले तरी रोपाला ते वापरता येत नाही. तिथे वाफा हलवा, किंवा सावली सोसणारा पुदिना आणि अळू लावा.

आता पाणी. सकाळी खाणे घालण्याआधी नमुना घ्या आणि पुढेही हीच वेळ ठेवा. दिवसभरात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दुपारचा सामू सकाळपेक्षा चढा येतो. वेळा बदलल्या तर आकड्यांची तुलना करता येत नाही.

अमोनिया किंवा नायट्राइट १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर आणि नायट्रेट जवळपास शून्य असेल, तर जिवाणू कमी पडताहेत. खाणे निम्म्यावर आणा, हवेचा आणखी एक दगड सोडा. नळाचे पाणी थेट टाकीत ओतत असाल तर त्यातले क्लोरिन जिवाणूंना मारते. ते आधी ड्रममध्ये हवा सोडून दिवसभर ठेवा.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेटही ५ च्या खाली, हे निदान सर्वांत जास्त वेळा चुकते. आकडे इतके स्वच्छ असतात की सगळे छान चालले आहे असे वाटते. खरे म्हणजे रोपे उपाशी आहेत: जेवढे तयार होते तेवढे लगेच संपते. खालची जुनी पाने सरसकट फिकट पिवळी पडत असतील तर खात्रीच समजा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत पालेभाजीच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य धरले आहे, फळभाजीला ५० ते ८०. म्हणजे आपल्या अर्ध्या चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम. आता मासे किती खातात ते पाहा. वाढलेले मासे रोज आपल्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के खातात. २० ग्रॅम खाणे संपायला निदान एक ते दोन किलो मासे हवेत. टाकीत बोटभर लांबीचे आठ गोल्डफिश असतील तर वरचा भरगच्च वाफा त्यांच्या जिवावर चालणार नाही. मासे पुरेसे असतील तर खाणे दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन ग्रॅमने वाढवा, पाच-दहा मिनिटांत संपेल एवढेच घाला आणि अमोनिया मोजत राहा. मासे कमी असतील तर माझा कौल रोपे विरळ करण्याला आहे. घाईने मासे आणून टाकले की अमोनिया जिवाणूंच्या आवाक्याबाहेर जातो.

नायट्रेट ४०, ८० किंवा त्याहूनही वर आहे आणि तरी वाढ नाही, तर नत्राची उणीव नाही. खाणे वाढवू नका. सामू पाहा.

सामू ६.४ ते ७ च्या दरम्यान असला की मासे, जिवाणू आणि रोपे तिघांचेही भागते. आपल्याकडे तो बहुधा ७.५ ते ८.२ निघतो, आणि मग पाण्यात असलेले लोहही रोपाला घेता येत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: जिवाणूंच्या कामाने सामू आपोआप खाली यायला हवा. महिनोन् महिने तो ८ वरच अडून असेल तर कुठून तरी चुना येतो आहे. वाफ्यातली मूठभर खडी धुऊन वाळवा आणि तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर खडीत चुना आहे. नर्सरीत मिळणारे पांढरे संगमरवरी खडे हमखास फसफसतात; ते काढून टाकण्याखेरीज उपाय नाही. काळ्या दगडाची धुतलेली खडी सहसा चालते, तरी तीही तपासून घ्या. खडी निर्दोष असेल तर दोष पाण्याचा. बोअरचे पाणी जड असेल तर भर घालताना त्यात साठवलेले पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी मिसळा. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. आम्ल वापरायचेच असेल तर फॉस्फोरिक आम्ल हातमोजे घालून वेगळ्या ड्रममधल्या पाण्यात थेंबाथेंबाने मिसळा, ड्रमचा सामू दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि मगच ते पाणी भर म्हणून वापरा. माशांच्या टाकीत सामू दिवसाला ०.२ पेक्षा जास्त हलू देऊ नका. लिंबू पिळू नका. सायट्रिक आम्ल जिवाणूंना बाधते.

पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. पावसाच्या पाण्यात क्षारता नसते, त्यामुळे सामू ६ च्या खाली घसरतो आणि जिवाणू मंदावतात. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्याच्या वाटेवर ठेवा आणि सामू ६.५ ला आला की पिशवी काढा.

पाणी ठीक असेल तर पाने पाहा. कोवळी, शेंड्याकडची पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी आहे. मत्स्यखाद्यात लोह जेमतेम असते, म्हणून जुन्या, चांगल्या चाललेल्या मांडणीतही हे होते. द्राक्षबागायतदार चुनखडीच्या जमिनीत वापरतात ते चिलेटेड लोह इथेही चालते. सामू ७ च्या आसपास किंवा वर असेल तर ईडीडीएचए प्रकारच घ्या, ईडीटीए ६.५ च्या पुढे टिकत नाही. लिटरला २ मिलिग्रॅम लोह या हिशेबाने ३०० लिटरला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे पुडीवर ६ टक्के लोह लिहिले असेल तर १० ग्रॅम. पाणी लालसर होईल, त्याची भीती नको. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश हवे: ०:०:५० पाच ग्रॅम विरघळवून द्या आणि आठवडाभर थांबा.

पाने काहीच सांगत नसतील तर एक रोप अलगद उपटा. पांढरी मुळे निरोगी. तपकिरी, बुळबुळीत मुळे आणि खडीला कुजक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा पोहोचत नाही. तो कोपरा उकरून गाळ बाहेर धुऊन काढा, तो टाकीत जाऊ देऊ नका. बेल सायफन वाफा पूर्ण रिकामा करतो का तेही पाहा. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून टाकीवर हिरवी जाळी बांधा आणि हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा. पानांखाली मावा दिसला तर निंबोळी तेल फवारू नका, ते पाण्यात उतरून माशांना बाधते. साध्या पाण्याच्या जोरकस धारेने पाने धुवा.

एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह लिहा. फरक फक्त नव्या पानांत शोधा. पिवळे पडलेले जुने पान बहुतेक वेळा पुन्हा हिरवे होत नाही. दोन आठवड्यांत नवे पान आधीच्यापेक्षा मोठे आणि गडद आले तर निदान बरोबर होते. नाही आले, तर तो बदल मागे घ्या आणि पुढच्या कारणाकडे वळा. ज्या पालकाला तुरा आला असेल तो मात्र काढून टाका. त्याचे दिवस संपले आहेत. त्या जागी नवे रोप लावा.