धूर गेला तरी निजू नका

आईबाबांनो, आज जरा शेगडीजवळ बसून बोलू या. विषयही तिचाच आहे.

नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत थंडी कशी पडते, हे तुम्हाला सांगायला नको. पिटेझरी असो की चोरखमारा, जंगलातून येणारा गारवा सूर्य बुडायच्या आधीच अंगणात उतरतो. गोंदियाचा पारा आठ-नऊ अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते, आपल्याकडे मात्र बातमीच्या आधी शेकोटी पेटलेली असते. धान घरात आलेलं, मागे तणसाचा ढीग, पोरं हात शेकत बसलेली. हे सुख कुणी हिरावून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. मला फक्त ही शेगडी रात्री कुठे असते, ते विचारायचंय.

आधी माझंच सांगते. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, ऐन जानेवारीत. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि माझ्या बाजेखाली रात्रंदिवस निखाऱ्याची शेगडी. ओवा, शेपा टाकून बाळाला धुरी. चाळीस दिवस असे गेले आणि काही झालं नाही. पुढे माझी लेक बाळंतीण होऊन माझ्याकडे आली, तेव्हा मीही तेच केलं. फरक एवढाच की आता घर स्लॅबचं होतं. खिडक्यांना काचा, दाराला घट्ट चौकट, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून दाराखालच्या फटीत मी हातानं जुनं लुगडं कोंबलेलं. लेकीनं एकदा विचारलं, "आई, शेगडी राहू द्यायची का आत?" मी माझ्या आईच्याच शब्दांत उत्तर दिलं, "धूर त नाई ना माय, मंग काहाले भेतेस?"

पहाटे पाणी प्यायला उठले तर पाय लटपटले. डोकं घणानं ठोकल्यासारखं. लेकीला मळमळत होतं. बाळ झोपलेलं, पण हलवलं तरी नीट रडेना. जागरण झालं असेल, पित्त झालं असेल, असं म्हणत मी दार उघडलं आणि आम्ही तिघं ओसरीवर येऊन बसलो. अर्ध्या तासात जरा हुशारी वाटली. तरीही बाळाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" आम्ही थोडक्यात वाचलो होतो. त्या रात्री मला तहान लागली नसती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

मग माझ्या आईच्या घरी ती शेगडी चाळीस दिवस कशी सोसली? उत्तर वर होतं, कवेलूंत. जुन्या घराच्या प्रत्येक दोन कवेलूंमध्ये फट असे. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा असे. घर आपणहून श्वास घेई. आपण त्या घराला गळकं म्हणून नावं ठेवली आणि पक्कं घर बांधलं. बांधायलाच हवं होतं. घर बदललं, शेगडी मात्र तीच राहिली आणि तिच्याबद्दलचा आजीचा भरवसाही तोच राहिला. चूक झाली ती इथे.

आता त्या न दिसणाऱ्या गोष्टीचं नाव घेऊ. लाकूड, कोळसा, गोवरी, गॅस, काहीही जळताना त्याला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन असतं, त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो. बसमध्ये सगळ्या जागा आधीच दुसऱ्यांनी धराव्यात आणि आपला माणूस थांब्यावर उभाच राहावा, तसं होतं. छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, पण ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचत नाही. झोपेतल्या माणसाला हे कळतही नाही. झोप गाढ होते आणि उतरतच नाही.

आपण सगळे फसतो ते इथे. शेगडी आपण अंगणात पेटवतो. धूर असेपर्यंत बाहेर ठेवतो. निखारे लाल झाले, धूर सरला, की "आता चांगली झाली" म्हणून आत आणतो. पण हा वायू धुरासोबत निघून जात नाही. बिनधुराचा लाल निखारा तो सोडतच राहतो. सकाळी विस्तव हवा म्हणून निखारे राखेत दाबून ठेवायची सवयही तशीच. वरून राख दिसते आणि आत रात्रभर घुसमटलेला जाळ चालू असतो. धूर तरी बिचारा खोकला काढून आपल्याला उठवतो. निखारा उठवत नाही.

लेकरांना याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. त्यांचा श्वास भरभर चालतो, म्हणजे तेवढ्याच वेळात ते जास्त वायू आत घेतात. पोटातलं बाळ तर आईच्याच रक्तावर जगत असतं, त्यामुळे दिवस गेलेल्या सुनेच्या खोलीत शेगडी मुळीच नको. तान्ह्या बाळाला डोकं दुखतं हे सांगता येत नाही. ते मलूल होतं, दूध ओढत नाही, आणि आपण नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतो. एक खूण लक्षात ठेवा. एकाच खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांचं एकाच सकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, आणि बाहेर मोकळ्यावर आलं की बरं वाटतंय, तर ते पित्त नाही आणि बाधाही नाही. ती हवा आहे. आधी दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर "बंद खोलीत शेगडी होती" हे तोंडानं सांगा. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर इथे फसतं, रक्तात हा वायू भरलेला असला तरी आकडा चांगला दाखवतं. साध्या हवेत हा वायू अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर ते काम साधारण तासा-दीड तासात होतं. म्हणून घरी पडून राहणं परवडत नाही.

मग थंडीत करायचं काय? खोली निजण्याआधी तापवा, दार उघडं ठेवून. निजायची वेळ झाली की शेगडी बाहेर. खिडकी किलकिली ठेवली म्हणून ती आत ठेवून झोपायची मुभा मिळत नाही, कारण किती फट पुरेशी हे कुणाला मोजता येत नाही. बाळंतिणीला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्या, पिशवी फडक्यात गुंडाळून. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी पांघरा. दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांनाही असंच ऊबेला ठेवतात. धुरीनं बाळाच्या फुप्फुसात धूरच जातो, तिचा नाद सोडा. आजीला वाईट वाटेल. तिला म्हणा, आजी, तुझ्या घराला कवेलू होते.

गोंदिया-तिरोड्यात राहणाऱ्या लेकी-जावयांनाही हे सांगा. तिथे शेगडी नसते, पण न्हाणीघरात गॅसचा गिझर असतो. जानेवारी २०२०मध्ये मुंबईच्या बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी अंघोळीला गेली आणि गिझरच्या याच वायूनं गेली. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते जमत नसेल तर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग दार लावावं.

आता धुराबद्दल. ही गोष्ट लिहिताना हात जड होतो. भंडारा आपल्यापासून काही लांब नाही. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं की तीन बाळं भाजून गेली आणि सात धुरानं गुदमरून. तीन आणि सात, हे आकडे मी विसरू शकत नाही. आग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. पण ज्वाळा जिथे पोचत नाहीत, तिथे धूर आधी पोचतो, आणि त्या धुरातही हाच वायू असतो.

म्हणून पोरांना दोन गोष्टी खेळासारख्या शिकवा. खोलीत धूर भरला तर उभं राहायचं नाही, मांजरासारखं जमिनीलगत सरपटत दाराकडे जायचं, कारण गरम धूर वर जातो आणि खाली थोडी हवा उरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घाबरलेलं पोर बाजेखाली, कोठीमागे लपतं. त्याला वाटतं, आपल्या हातून आग लागली, आता मार बसेल. आजच त्याला जवळ घेऊन सांगा, "तुझ्या हातून घर जळालं तरी मी रागावणार नाही, तू फक्त बाहेर ये." बाहेर कुठे, तेही ठरवा. अंगणातली चिंच, विहिरीचा कठडा, काहीही. सगळे तिथे जमायचं आणि आत राहिलेल्या वस्तूसाठी कुणी परत फिरायचं नाही. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, हेही त्याच खेळात येऊ द्या.

थंडी सरली की मोहाचे दिवस येतात. पहाटे चारला टोपली घेऊन आई-बाप दोघंही निघतात, कारण उजाडल्यावर फुलं दुसरं कुणी वेचून नेतं. पोरं झोपलेली असतात. अस्वलाची, बिबट्याची भीती, म्हणून बाहेरून कडी. तुमची भीती खोटी नाही. पण त्या कडीच्या आत कधीकधी राखेत दाबलेला विस्तव असतो, जळती चिमणी असते, मच्छरदाणीला टेकलेली डास पळवायची कॉइल असते. बाहेरून कडी लावलेल्या घरातून पोर सरपटत आलं तरी दाराशीच अडतं. म्हणून निघण्याआधी विस्तवावर पाणी ओता, नुसती राख लोटू नका. शेजारणीला सांगून जा. जमलं तर घरी एक मोठं माणूस राहू द्या. एका पहाटेचे मोह कमी आले तर येऊ द्या.

मोहाखाली गेल्यावरही एक विनवणी. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देणं आपल्या अंगवळणी पडलंय. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढत फिरतात ती याच दिवसांसाठी. ८ एप्रिल २०२१ला नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर गेले. ती आग कशानं लागली, हे मी इथे ठरवत नाही. पण विझवायला गेलेले बाप, भाऊ आपल्यासारख्याच घरांतले होते. पाला झाडूनही बाजूला होतो. झाडाखाली जुनी जाळी, नाहीतर लुगडं अंथरलं तर फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो. आणि घरामागच्या तणसाच्या ढिगाजवळ चुलीची राख टाकू नका. काल विझलेला निखारा आजच्या वाऱ्यानं जागा होतो.

सिलिंडरचं थोडक्यात सांगते. गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, आपल्याला जाग यावी म्हणून. वास आला तर दिव्याचं बटण लावू नका आणि बंदही करू नका, दोन्हींत ठिणगी उडते. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, पोरांना आधी बाहेर न्या, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, जिथे तुमचं रांगतं बाळ असतं. गळतीसाठी १९०६ हा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. कुणी भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही नको.

माझी नात आता सात वर्षांची आहे. तीच ती, त्या रात्री नीट न रडलेली. दिवाळीनंतर माझ्याकडे येते तेव्हा रोज रात्री एक काम तिच्याकडे असतं. मी दाराला कडी घालायच्या आधी ती ओसरीवर डोकावते, शेगडी पायरीखाली आहे ना ते बघते, आणि आत ओरडते, "बाहेर आहे!" मग मी दिवा मालवते.