आधी रक्त, मग इंजेक्शन: घोड्याच्या हृदयातल्या जंतुसंसर्गाचा शोध

वाशीम, रिसोड, कारंजा भागात घोडी पाळली जाते ती बहुधा वरातीसाठी. लग्नसराईत तिला ताप आला की मालकाला दम नसतो. पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक टोचलं जातं. ताप उतरतो, आठवडाभराने पुन्हा चढतो, पुन्हा सुई. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलं असेल, तर अशा अर्धवट सुयांनी ते मरत नाहीत, पण रक्तात सापडेनासे मात्र होतात. म्हणून ही कृती प्रयोगशाळेत नव्हे, तबेल्यात सुरू होते.

शंका कधी घ्यायची? ताप येतो-जातो, जनावर झडत चाललंय, आज या पायाने लंगडतं तर उद्या त्या, आणि स्वस्थ उभं असतानाही नाडी मिनिटाला २८ ते ४४ या मर्यादेच्या बरीच वर आहे. स्टेथोस्कोपने आधी नसलेली कुजबुज ऐकू आली, तर शंका बळावते. घोड्यात डाव्या बाजूच्या मायट्रल आणि एओर्टिक झडपांना हा संसर्ग जास्त होतो. सोनोग्राफीत झडपेवरची खपली दिसू शकते, पण जंतूचं नाव रक्तच सांगतं.

मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या तापाला आपल्याकडे पहिला संशयित सर्रा. म्हणून ताप चढलेला असतानाच काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर घ्या, जिम्साने रंगवा, सर्राचे परजीवी आणि तांबड्या पेशींतला थायलेरिया दोन्ही शोधा. पट्टी कोरी निघाली म्हणून सर्रा नाहीच असं समजू नका. रक्तजल वेगळं काढून ठेवा. नाकातून चिकट स्राव किंवा कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर पुढचं सगळं थांबवा. ती ग्लँडर्सची खूण असू शकते आणि तो माणसालाही होतो. घोडी वेगळी बांधा, पशुसंवर्धन विभागाला कळवा. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे त्यांच्यामार्फत जाऊ द्या. साध्या प्रयोगशाळेत असा नमुना वाढवायचा नाही.

आता रक्त काढणं. रक्त-कल्चरच्या बाटल्यांची मुदत आणि आतलं द्रावण स्वच्छ आहे ना, हे पाहून घ्या. मानेच्या शिरेवर तळहाताएवढी जागा भादरा. क्लोरहेक्सिडिनने किमान तीन मिनिटं घासा, ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. वाळण्याची ही दोन मिनिटं सगळ्यात जास्त चुकवली जातात. मग कातडीवरचे जंतू बाटलीत उतरतात आणि अहवालाचा घोळ होतो. निर्जंतुक हातमोजे घाला, साफ केल्यावर शीर पुन्हा चाचपू नका. शीर दोरीसारखी कडक लागली तर दुसरी बाजू घ्या आणि ते नोंदवा: सुजून गोठलेली शीर हेच संसर्गाचं मूळ असू शकतं, अशा वेळी उजवी झडपही तपासावी लागते. बाटलीचं रबरी बूच अल्कोहोलने पुसून लेबलवर लिहिलं असेल तेवढंच रक्त सोडा, साधारणपणे द्रावणाच्या एक दशांश.

असे नमुने तीन. चोवीस तासांत, किमान तासाभराच्या अंतराने, प्रत्येक वेळी नव्या जागी; जमल्यास ताप चढत असताना. घोडी फारच खचली असेल तर तिन्ही लवकर उरका आणि उपचार सुरू करा. आधीच औषध चालू असेल आणि प्रकृती झेपत असेल तर ४८ तास ते थांबवून रक्त घ्या, नाहीतर औषध शोषणारं रेझिन असलेली बाटली मागवा.

त्याच वेळी ईडीटीए नळीतही रक्त घ्या. फायब्रिनोजेनसाठी मोठं यंत्र लागत नाही. दोन केशनळ्या भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. एकीतल्या द्रवाची प्रथिनं रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा. दुसरी ५६ अंशांवर तीन मिनिटं गरम करून पुन्हा फिरवा, मग मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन. १०० मिलिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जळजळ नक्की, पण ती हृदयातच आहे असं नव्हे.

बाटल्या अकोल्याला न्यायच्या. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण अशा कामाला गाडी अजून तिकडेच वळते. तिथली स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळची. निघण्याआधी फोन करून नमुना घेतील का ते विचारा. ईडीटीए नळी बर्फाच्या पेटीत, कल्चरची बाटली मात्र नाही. ती थंडही नको आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलेलीही नको; कापडात गुंडाळून साध्या थर्माकोलच्या डब्यात न्या. चिठ्ठीवर रक्ताची वेळ, ताप आणि आधी दिलेलं प्रत्येक औषध लिहा.

प्रयोगशाळेत बाटली ३७ अंशांवर सात दिवस ठेवतात आणि रोज पाहतात: गढूळपणा, बुडबुडे, रक्ताचा बदललेला रंग. काही दिसलं नाही तरी चोवीस तासांनी रक्तमिश्रित अगारवर आणि मॅकॉन्कीवर एक रेघ ओढायची. उगवलेल्या जंतूचा ग्राम रंग पाहायचा. साखळीतले जांभळे गोळे, अगारवर वसाहतीभोवती स्वच्छ वलय, कॅटलेजला बुडबुडे नाहीत आणि सॉर्बिटॉल आंबतं, ट्रेहॅलोज नाही: असा जंतू बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. लाल दंडगोल, तारेला चिकटून दोऱ्यासारखी ओढली जाणारी वसाहत, युरिएज होकारार्थी: अॅक्टिनोबॅसिलस इक्वुलीचा विचार करा.

तीनपैकी दोन बाटल्यांत तोच जंतू आला तर तो खरा मानावा. एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस निघाला, तर हातमोज्यांकडे आधी पाहा. संवेदनक्षमता चाचणीत स्ट्रेप्टोकॉकससाठी मुलर-हिंटन अगारमध्ये पाच टक्के मेंढीचं रक्त घालावं लागतं.

अहवालाची वाट पाहत घोडीला ताटकळत ठेवायचं नाही. तिसरी बाटली भरली की पेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करता येतं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून. अहवाल आला की औषध बदला. उपचार चार ते सहा आठवडे चालतात आणि डाव्या झडपेचं दुखणं बरं होईलच असं नाही, हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगावं. तेवढे दिवस वरात बंद. तिन्ही बाटल्या कोऱ्या आल्या, पण झडपेवर खपली आणि अंगात ताप कायम आहे, तर रोग नाकारू नका. आधी टोचलेल्या सुयांची यादी पुन्हा विचारा.