‘वेअर’ लिहू की ‘वॉज’?

अगं, अर्जासोबत जोडायचा तुझा निबंध वाचला. छान उतरलाय. फक्त एका ठिकाणी जरा थांबू या, कारण तिथे आपल्यातल्या बऱ्याच जणी अडखळतात.

तू लिहिलंयस, ‘ही टॉक्स टू मी ॲज इफ आय ॲम अ चाइल्ड.’ बोलताना हे खपून जातं, आणि ते कुठून आलं तेही कळतं. आपण मराठीत म्हणतो, ‘असा बोलतो, जणू मी लहान मूलच आहे.’ ‘जणू’नं सगळं सांगून टाकलं, की क्रियापद खुशाल ‘आहे’ राहतं. लेखी इंग्रजीत मात्र ही गोष्ट खरी नाही याची खूण क्रियापदावरच करतात : ‘ॲज इफ आय वेअर अ चाइल्ड.’

रूप भूतकाळाचं दिसतं म्हणून बिचकू नकोस. ‘मी तुझ्या जागी असते तर’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण कालचं थोडंच बोलत असतो? मी तुझ्या जागी नाही, एवढंच त्या ‘असते’तून कळतं. शाळेत आपण याला संकेतार्थ म्हणत होतो. तीच जाण इथे वापर.

पण ‘ॲज इफ’ दिसलं की ‘वेअर’ ठोकून द्यायचं, असंही करू नकोस. आभाळ भरून आलंय, पाऊस येईलसं खरंच वाटतंय, तर ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टू रेन’ हेच बरोबर. हीच गोष्ट काल घडलेली सांगायची असेल, तर साधं ‘वॉज’.

मागे घडून गेलेल्याबद्दलही हाच विचार. ‘यू लुक ॲज इफ यू हॅवन्ट स्लेप्ट’ म्हटलं, तर तुझी झोप झाली नसावी असं मला खरंच वाटतंय. ‘शी लुक्स ॲट मी ॲज इफ आय हॅड स्टोलन हर मनी’ म्हटलं, तर मी पैशाला हातही लावलेला नाही. ‘हॅव’ आणि ‘हॅड’मध्ये केवढा फरक पडला बघ!

‘वेअर’च्या जागी ‘वॉज’ म्हटलं म्हणून कुणी हसलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. हडलस्टन आणि पुलम यांनी 2002 साली ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यांनी या ‘वेअर’ला ‘इररिॲलिस’ असं वेगळं नाव दिलंय, आणि रोजच्या बोलण्यात त्याच्या जागी ‘वॉज’ चालतं हेही मान्य केलंय. मैत्रिणीला मेसेज करताना बिनधास्त ‘वॉज’ लिही. अर्जात ‘वेअर’ ठेव.

नियम पाठ करत बसू नकोस. लिहिण्याआधी स्वतःला एकच विचार : मी जे म्हणतेय ते मला खरं वाटतंय का? उत्तर तुझ्याकडेच असतं. तरीही अडलीस, तर मला फोन कर.